पैलतीरचे आप्त

आमच्या खानदेशात नदी म्हणजे वर्षातले आठ महिने वाळूच. गिरणा काय, वाघूर काय, धुळ्याची पांझरा काय, पावसाळ्यात चार दिवस गढूळ पाण्याने गर्जून घेतात आणि दिवाळीनंतर त्यांच्या पात्रातून बैलगाड्या जाऊ लागतात. तापी तेवढी त्यांतली खानदानी. परंतु तिचीही आमची ओळख आगगाडीच्या खिडकीतलीच अधिक. भुसावळच्या पुढे पुलावर गाडी धडधडू लागली की मुलांनी पैसा टाकावा, मोठ्यांनी हात जोडावे, आणि दोन मिनिटांत नदी मागे पडावी! नदी ही ओलांडावयाची वस्तू आहे, एवढेच आम्हांस ठाऊक. नदीच्या मध्ये माणसे राहतात, तेथेच जन्मतात व मरतात, आणि डॉक्टरापासून दळणापर्यंत प्रत्येक कामाला त्यांना आधी पाण्याची परवानगी काढावी लागते, ही गोष्ट मी वयाच्या साठीपर्यंत भूगोलाच्या पुस्तकात वाचली होती, अनुभवली नव्हती.

ती अनुभवावयाचा योग आमच्या पुतणीमुळे आला. थोरल्या भाऊजींची ही एकुलती मुलगी. घरात सगळे तिला बेबीच म्हणतात. पुण्याला नोकरीस असताना तिने तेथेच एका ख्रिस्ती मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा गोव्याचा, मांडवी नदीतील दिवाडी बेटावरचा. या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. आमचे जळगावचे घर तीन भावांचे, एका चुलीचे. अशा घरात एकाने तोंड फिरविले की सर्वांनाच फिरवावे लागते, हे वाचकांपैकी पुष्कळांना सांगावयास नको. भाऊजींनी त्या दिवशी आंघोळ केली, नवे जानवे घातले, आणि पुन्हा तिचे नाव काढले नाही. थोरल्या जाऊबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला दोनदा विचारले, "तिकडे पाऊस फार असतो म्हणतात, खरे का?" दोन्ही वेळा भाऊजी शेजारच्या खोलीत पंचांग चाळीत बसले होते.

भाऊजी माणूस कठोर नव्हे. हट्टी आहेत, आणि त्यांचा हट्ट सुशिक्षित आहे. तरुणपणी ते धुळ्यास होते. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्या मंडळात जाऊन जाऊन भाऊजी मोडी शिकले, आणि जुन्या कागदांचे वेड घेऊनच जळगावास परतले. त्यामुळे मुलीच्या लग्नाचा त्यांचा राग नुसता जातीधर्माचा राहिला नाही. त्याला सनावळीचा आधार मिळाला. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. त्याचे देऊळ याच दिवाडी बेटावर होते. बहमनी फौजांनी ते एकदा उद्ध्वस्त केले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधले. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी ते पुरते पाडले. "ज्या बेटावर आमचा देव फोडला, त्याच बेटावर आमची मुलगी नांदावयास गेली," हे त्यांचे वाक्य. यावर उत्तर काय द्यावे, हे आमच्या घरात कोणालाच सुचत नसे.

तथापि हट्टाला जसा इतिहासाचा आधार असतो, तशी पळवाटही इतिहासातच सापडते. देऊळ पाडले तेव्हा बेटावरच्या भाविकांनी त्यातील लिंग कसेबसे नदीपार नेले, आणि डिचोलीच्या बाजूस, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, त्याची स्थापना केली. त्या नव्या जागेसही त्यांनी जुन्या गावाचेच नाव दिले, नार्वे. आजही मांडवीच्या फाट्याच्या दोन्ही काठांना एकाच नावाची दोन गावे समोरासमोर आहेत. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या नार्व्यास सप्तकोटेश्वराचे देऊळ बांधविले. दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडे त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, आणि 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले करण्यात आले. ही बातमी भाऊजींनी वर्तमानपत्रातून कापून ठेवल्याचे मी पाहिले होते. मी वर्षभर काही बोलले नाही. गेल्या श्रावणात मात्र मी सहज म्हणाले, "महाराजांनी बांधलेले देऊळ एकदा पाहावे म्हणते. पण एकटीने कसे जावयाचे?"

भाऊजी माझ्याशी समोरासमोर कमीच बोलतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "देवळापर्यंत यावयास हरकत नाही. नदीच्या अलीकडे."

याप्रमाणे आम्ही निघालो. यांचे गुडघे प्रवासाचे नव्हते, म्हणून सामान उचलावयास धाकट्या जावेचा मुलगा बरोबर घेतला. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने मनमाड, पुणे, मिरज, लोंढा असे करीत दुसऱ्या दिवशी मडगाव. घाटात दूधसागराचा धबधबा अगदी डब्याच्या खिडकीशी आला तेव्हा भाऊजी पहिल्यांदा आपण होऊन बोलले: "एवढे पाणी! आणि आमच्याकडे टँकर."

नार्व्याचे देऊळ पाहून मी जरा चकितच झाले. मला वाटले होते, महाराजांनी बांधलेले म्हणजे केवढे तरी उत्तुंग असेल. प्रत्यक्षात ते बसके, घरगुती, झाडीत दडलेले आहे. अंगणातील दीपस्तंभ नसता तर दुरून ते देऊळ म्हणून ओळखूही आले नसते. भाऊजी शिलालेखाखाली मान वर करून इतका वेळ उभे राहिले की पुजाऱ्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणविली. दर्शन झाले, अभिषेक झाला, प्रसाद झाला. मग भाऊजी धाकट्यास म्हणाले, "मूळ जागा पलीकडे आहे. जुन्या तळ्याचे काही अवशेष आहेत म्हणतात. इथवर येऊन ते न पाहणे हा मूर्खपणा होईल." आणि जरा थांबून, तितक्याच मोठ्याने, म्हणजे मला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "मात्र कोणाच्या घरी पाणीसुद्धा घेणे नाही."

मी बेबीला आदल्याच दिवशी कळविले होते, हे येथे कबूल करून टाकते.

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून, रायबंदराहून व नार्व्याहून अशा तीन बाजूंनी फेरीबोटी जातात. फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफाच. मोटारी, दुचाक्या, शाळेची मुले, मासळीवाल्या, सर्व एकत्र उभे. पायी जाणाऱ्यास पैसे पडत नाहीत. नदी रुंद नाही, पाचसात मिनिटांत पलीकडे. पण ती पाच मिनिटे कोणालाच टाळता येत नाहीत. मामलेदार असो की मोलकरीण, बोट येईपर्यंत काठावर उभे राहिलेच पाहिजे. एकमेकांशी बोलण्यावाचून तेथे दुसरे काम नसते. जावईबापू पुढे मला म्हणाले की त्यांच्या बेटावरची निम्मी लग्ने व तीनचतुर्थांश भांडणे फेरीवरच ठरतात.

पलीकडच्या धक्क्यावर बेबी उभी होती. हातात छत्री, आणि छत्रीखाली आठ वर्षांची एक मुलगी, तिला आमच्या जाऊबाईंचे नाक! बेबीने वाकून नमस्कार केला. भाऊजींनी आशीर्वादाचा हात अर्धा उचलला आणि तसाच छत्रीच्या दांड्यावर ठेवला. "तळे कोणीकडे?" असे त्यांनी कोणासही न उद्देशून विचारले. नात पुढे झाली व म्हणाली, "मी दाखवते आजोबा, मला वाट ठाऊक आहे." तिची मराठी ऐकून मला हसू आले. स्वच्छ जळगावची, पण शेवटचा सूर कोकणीसारखा लांबविलेला.

बेट हिरवे म्हणजे किती हिरवे, ते आम्हां काळ्या मातीच्या लोकांस सांगून कळणार नाही. मधोमध टेकडी, तिच्यावर पिएदादचे पांढरे चर्च, उतारावर जुनी प्रशस्त घरे, आणि खाली चहूबाजूंनी भातखाचरे. त्या खाचरांपलीकडे बांध, आणि बांधापलीकडे भरतीचे खारे पाणी, जे खाचरांहून उंच दिसते! बेटावर दोन ग्रामपंचायती आहेत. त्यांपैकी सां मातियशच्या पंचायतीत पलीकडचे वांशी नावाचे एक चिमुकले बेटही येते. म्हणजे एकाच पंचायतीचा कारभार पाण्याने तोडलेल्या जमिनींवर चालतो. जवळच चोडण, जुवे, कुंभारजुवे अशी आणखीही बेटे आहेत. चोडणच्या टोकाच्या खारफुटीत डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्ष्यांचे अभयारण्य 1988 पासून आहे. पण सगळे सांगत बसले तर भूगोल होईल.

तळे पाहून झाले. भाऊजींचे तेवढ्याने समाधान होईना. टेकडीवर चर्चशेजारी जी दफनभूमी आहे तिच्यातील लहान प्रार्थनामंदिराचे छत कदंबकालीन देवळाचे आहे, हे त्यांनी वाचलेले होते. आम्ही वर गेलो. आत मान वर करून पाहिले तो दगडात कोरलेले खरोखरीच आमच्या हेमाडपंती देवळांतल्यासारखे छत! खाली क्रूस आणि मेणबत्त्या. भाऊजींचा चेहरा पाहून मला भीती वाटली. तेवढ्यात एक वृद्ध स्त्री काठी टेकीत आत आली. अंगात फुलांचा झगा, डोक्याला काळा रुमाल, वय नव्वदीच्या घरात. ती जावईबापूंची आजी. बेटावर आजीला शामाय म्हणतात. नातसुनेचे वडील आले आहेत हे कळताच ती घरून निघून, पावसात, टेकडी चढून आली होती.

भाऊजींनी जे अकरा वर्षे आम्हांस ऐकविले होते, ते त्यांनी तिलाही ऐकविले. पण सौम्य शब्दांत, पाहुण्याच्या मर्यादेने. ती कोकणीत बोलत होती, हे मराठीत. दोघांनाही निम्मे समजत होते. सर्व ऐकून घेऊन तिने काठीने छताकडे दाखविले. ती म्हणाली त्याचा अर्थ असा की, देऊळ फोडले तेव्हा तो देव तुम्हां जळगावकरांचा कोठे होता? तो आमचा होता. आमचेच पूर्वज त्या देवळाचे गावकार. 1560 च्या सुमारास येथे आणि चोडणला लोक मोठ्या संख्येने बाटले. एक भाऊ देव घेऊन पलीकडे गेला, एक भाऊ शेत राखावयास अलीकडे राहिला. "जो गेला त्याला देव राहिला, जो राहिला त्याला शेत. दोघांनीही रडून घेतले असेल," असे म्हणून ती बाहेर निघाली. भाऊजी काही बोलले नाहीत. उतरताना पायऱ्या निसरड्या होत्या. त्यांनी तिला हात दिला, हे मात्र मी पाहिले.

आम्ही धक्क्यावर परत आलो तेव्हा चार वाजले होते. आभाळ असे काही दाटून आले की समोरचा काठ दिसेना. वारा सुटला. एक बोट आली ती तशीच बांधून ठेवली. वारा उतरल्यावाचून सोडणार नाही असे बोटवाल्यांनी सांगितले. आम्ही पाऊण तास शेडखाली उभे राहिलो. नात आजोबांच्या धोतराचा सोगा पाण्यात जाऊ नये म्हणून वारंवार उचलीत होती. शेवटी अंधारून आले, आणि आज बोट नाही असे कळले. पलीकडे, ढगांत, श्रीसप्तकोटेश्वर, अलीकडे आम्ही. भाऊजी पुटपुटले, "चारशे वर्षांपूर्वी निदान होडी मिळाली असेल."

आता ते घर. मोठी ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या, आत जुने शिसवी सामान, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याच रांगेत शामायच्या सासऱ्यांचे, गलमिशांचे छायाचित्र. भाऊजी ओसरीवरच्या दगडी बाकावर बसले ते आत येईनात. बेबी दाराआड उभी. जावई बिचारे टॉवेल घेऊन मधल्या दारात. अशा वेळी काय करावे हे आम्हां तिघांपैकी एकालाही कळेना. कळले ते त्या नव्वद वर्षांच्या बाईला. ती स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने मोलकरणीच्या हाती एक सूप घेऊन बाहेर आली. सुपात तांदूळ, डाळ, नारळ, गूळ, मीठ, आणि एक कोरे मातीचे मडके. ते तिने भाऊजींसमोर ठेविले व म्हणाली, "तुमी तुमच्या हातान रांदात. चूल भायली आसा, न्हाणीकडली. बावींतलें पाणी तुमचोच चलो काडटलो." तुमच्याच मुलाने विहिरीतून पाणी काढावे!

शिधा! हा शब्द आमच्या मुलांना आता समजावून सांगावा लागतो. तिच्या माहेरी वडिलांकडे पलीकडच्या तीरावरून ब्राह्मण येत, त्यांस असाच शिधा देत असत, असे तिने मागाहून सांगितले. मला तर असे वाटले की त्या घरात त्या क्षणी एकमेकांना पूर्णपणे ओळखणारी दोनच माणसे होती, ती म्हातारी आणि आमचे भाऊजी. अंतर कसे राखावे हे दोघांनाही पक्के ठाऊक होते; म्हणूनच ते अंतर न दुखविता कसे ओलांडावे हेही त्यांनाच ठाऊक. भाऊजी उठले, हात जोडले, आणि सूप दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिले.

न्हाणीकडच्या चुलीवर मी भात व आमटी केली. लाकडे ओली, धूर फार. बेबी फुंकणी घेऊन शेजारी बसली. धुरामुळे डोळ्यांतून पाणी येत होते, असे आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितले. बरोबर आणलेले बिबडे भाजले. ते मात्र घरातल्या सर्वांनी खाल्ले, आणि ज्वारीचा असाही पापड होतो याचे जावयांना फार नवल वाटले.

जेवण झाल्यावर पाऊस पडतच होता. विजेचे दिवे गेले. जावई खाजण जमिनीची माहिती सांगू लागले. ही खाचरे मुळात खाडीची. पूर्वजांनी मातीचे बांध घालून ती पाण्यातून काढली. बांधात जागोजाग लाकडी दारे असतात, त्यांस मानस म्हणतात. ओहोटीला आतले पाणी आपल्या जोराने दार उघडून बाहेर जाते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार लोटून बंद करते. कोणी माणूस लागत नाही! मिठाला दाद न देणारे कोरगूट नावाचे भात तेथे होते. बांध एकदा फुटला की खारे पाणी शिरून शेत वर्षानुवर्षे नापीक होते, म्हणून बांधाची राखण ही एकट्याची नसे, सबंध गावकारीची असे. पोर्तुगिजांनी त्या गावकारीला कोमुनिदाद म्हटले आणि कायदे केले, पण मूळ संस्था त्यांच्या आधीची.

एवढा वेळ गप्प असलेले भाऊजी येथे एकदम सावरून बसले. "अहो, ही तर आमची फड पद्धत!" त्यांचे आजोळ पांझरेच्या काठचे. तेथे बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने वाटून घेण्याची शेकडो वर्षांची रीत. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार, हे एकट्याने ठरवावयाचे नाही, सर्वांनी मिळून. पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसे गावानेच नेमावयाची. पाण्याला जो शेवटी, त्याचाही हक्क पहिल्याइतकाच. तुमच्याकडे पाणी बाहेर ठेवण्यासाठी एकत्र यावे लागले, आमच्याकडे आत आणण्यासाठी, असे म्हणून ते बोटाने जमिनीवर पांझरेचा बंधारा काढू लागले. मेणबत्तीच्या उजेडात जावई गुडघ्यावर बसून पाहत होते. त्यांनी "पण शेवटच्याला पाणी कमी पडले तर?" असे विचारले, आणि भाऊजींनी त्यांस प्रथमच "अहो" न म्हणता "अरे, ऐक" म्हटले.

मला त्या वेळी एक दूरची गोष्ट आठवली. माझा धाकटा मुलगा कॅनडात माँट्रिआल येथे असतो. चार वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेले असता एका रविवारी तो आम्हांस सेंट लॉरेन्स नदीतील बेटे पाहावयास घेऊन गेला. सोरेल शहरासमोर नदी पसरून तिच्यात शंभराच्या आसपास बेटे झाली आहेत, आणि त्यांपैकी काही बेटे मिळून एक इवलीशी नगरपालिका आहे. तिचे नाव तिच्या लोकसंख्येपेक्षा मोठे: ला व्हिझितासियों द लील द्युपा! वस्ती सुमारे सहाशे. सगळीकडे फ्रेंच, पाट्या फ्रेंच, दुकानदारीण फ्रेंच, माझा इंग्रजी बोलणारा मुलगाही तेथे अडाणी ठरला. सभोवार इंग्रजी खंड पसरलेले असून तीनशे वर्षे या लोकांनी आपली भाषा सोडली नाही. 1977 पासून तर त्यांच्या प्रांताच्या कायद्याचाच तिला भक्कम आधार आहे. वसंतात बर्फ वितळले की नदी शेतांत शिरते, तिच्याशी त्यांचा दरवर्षीचा करार. त्या बेटावर गुरे चारावयास एक सामाईक कुरण जुन्या जमीनदारी काळापासून राखलेले आहे, असे मुलाने सांगितले. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिले होते. दिवाडीच्या ओसरीवर मला त्याचा अर्थ लागला. पाण्याने वेढलेल्या माणसांना, मग ती कोणत्याही भाषेत बोलोत, काही गोष्टी सामाईक ठेवाव्याच लागतात. मात्र त्या फ्रेंच बेटांना काठाशी जोडणारे पूल आहेत, हेही मी मंडळींना सांगितले, आणि विनाकारण घरातील भांडण उकरून काढले.

कारण दिवाडीला पूल असावा की नसावा, हा त्या घरातला जुना वाद निघाला. शामाय पुलाच्या विरुद्ध. पूल झाला की बाहेरचे पैसेवाले येतील, टेकडीवर बंगले बांधतील, आणि खाजणाचे बांध कोण राखील? शेजारच्या वांशीवर मोठे हॉटेल बांधण्याच्या बेतावरून केवढा कलह झाला तो त्यांनी पाहिलेला आहे. जावई हसून म्हणाले की ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा उत्सव असतो, पूर्वीच्या वाड्यावाड्यांच्या शिवेच्या भांडणांची ती चेष्टा, निशाणे नाचवितात. त्या एका दिवशी येणारी गर्दीच आम्हांला पुरते. यावर बेबी इतका वेळ गप्प होती ती एकदम म्हणाली, "तुम्हां सगळ्यांचे बरे आहे. माझ्या बाळंतपणाच्या रात्री मी धक्क्यावर गाडीत पडून होते. पलीकडे दिवा दिसत होता. बोट यावयास चाळीस मिनिटे लागली. त्या चाळीस मिनिटांत मी आईला हाका मारल्या."

कोणी काही बोलले नाही. भाऊजींनी मेणबत्तीची काजळी काढली. ती काढावयास नको होती, ज्योत विझली.

दिवा पुन्हा लागल्यावर शामायने आतून एक पत्र्याची पेटी आणविली. घराची जुनी कागदपत्रे. वरचे सगळे पोर्तुगीज, शिक्क्यांचे, तिच्या हुकमतीतले. ती शाळेत पोर्तुगीज शिकलेली. 1961 च्या 19 डिसेंबरास गोवा मुक्त झाला तेव्हा ती पंचविशीत होती. मुक्ततेचे तिला दुःख नव्हते, पण ती म्हणाली, "एका रात्रीत मी निरक्षर झाले. सकाळी उठले तो माझी अक्षरे कोणाच्या कामाची राहिली नाहीत." नातवंडे इंग्रजी वाचतात, पणती शाळेत कोकणी व मराठी शिकते, जमिनीचा कागद वाचून घ्यावयास पणजीला शोधीत कचेरीतले कारकून येतात. पेटीच्या तळाशी मात्र एक कागद असा होता की तो तिलाही वाचता येत नव्हता, तिच्या सासऱ्यांनाही आला नव्हता. पिवळा, कडा कुरतडलेला. भाऊजींनी तो मेणबत्तीशी धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला.

मोडी होती. गोव्यातील गावकारींचे जुने हिशेब पुष्कळदा मराठीत, मोडीत लिहीत असत, हे भाऊजींना वाचून माहीत होते; हातात असा कागद प्रथमच आला. ते एकेक अक्षर सोडवीत वाचू लागले. त्यात राजेरजवाडे नव्हते, देऊळ नव्हते. बांधाच्या दुरुस्तीस गडी किती लागले, त्यांस भात किती दिले, कोणाकडून किती येणे राहिले, एवढाच मजकूर. वर्षाचा आकडा नेमका वाळवीने खाल्लेला. शामायने तो कागद तीनदा वाचून घेतला. मध्ये एका नावाशी तिने हात धरला, "हें परत म्हणात." ते तिच्या सासरच्या वाड्याचे नाव होते. मग तिने आपला पोर्तुगीज कागद वाचून दाखविला, भाऊजींनी ऐकला. समजले कोणासच नाही, पण ऐकले सर्वांनी. भाऊजी म्हणाले, "आमच्या प्रांतात 1950 च्या सुमारास शाळांतून मोडी गेली. माझे वडील शेवटपर्यंत मोडीत सही करीत. बँकेने ती पुढे चालू दिली नाही." ती हसली. दोन निरक्षर म्हातारी माणसे एकमेकांस वाचून दाखवीत बसली होती, आणि आमचा इंजिनियर होऊ घातलेला पुतण्या मोबाइलने त्या कागदांची छायाचित्रे काढीत होता.

रात्री भाऊजी ओसरीवरच्या बाकावरच निजले. बेबीने अंथरूण घातले ते त्यांनी घालू दिले.

पहाटे मला जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता. ओसरीवर बोलणे ऐकू आले म्हणून मी दाराशी गेले. बेबी चहाचा पेला घेऊन उभी होती. भाऊजींनी पेल्याकडे पाहिले. मग विचारले, "साखर किती?"

"दीड चमचा. आईच्या हातचा घेत होता तेवढीच."

त्यांनी पेला घेतला. प्यावयास पुष्कळ वेळ लावला. मी मागल्या पावली परत फिरले.

सातच्या बोटीने आम्ही निघालो. धक्क्यावर शामाय आली नाही. तिला काल भिजण्याचा त्रास झाला होता. नातीने आजोबांस विचारले, "तुमच्या नदीला फेरी आहे?" भाऊजी म्हणाले, "पाणीच नाही, फेरी कसली? यंदा ये, वाळूत किल्ला करू." बोट सुटली. काठ दूर जाऊ लागला तेव्हा भाऊजींनी इकडेतिकडे चाचपून पाहिले व म्हणाले, "छत्री राहिली."

चाळीस वर्षांत या गृहस्थांनी छत्री कोठे विसरल्याचे आमच्या घरात कोणाला आठवत नाही. जळगावास आल्यावर आठ दिवसांनी बेबीचे पत्र आले, छत्री सापडली आहे, पोस्टाने पाठवू का? भाऊजींनी ते पत्र स्वतः उघडले, स्वतः उत्तर लिहिले, आणि पेटीत टाकावयास माझ्या हाती दिले. पाकीट बंद केलेले नव्हते. चारच ओळी होत्या. छत्री पोस्टाने पाठवू नये, दांडा मोडेल. मार्गशीर्षात मुलीच्या शाळेला नाताळची सुटी असेल, त्या वेळी येताना घेऊन यावी. गाडी भुसावळला केव्हा पोहोचते ते आगाऊ कळवावे. त्या कागदाची छायाचित्रे मोठी करून आणावीत, दोन अक्षरांविषयी शंका आहे.